क्षारता: शून्य

यंत्राच्या पुस्तिकेत खाडी आहे.
भरती, ओहोटी, खारफुटीची मुळं,
आणि सत्ताविसाव्या पानावर एक रकाना: क्षारता.
मी शून्य भरते.
नागपुरात समुद्र आणायचा कुठून?

अंबाझरीच्या पश्चिमेला नाला तलावात शिरतो,
तिथे नवतपाच्या सहाव्या रात्री
पाणी मांडीइतकं,
कोमट, विसरून गेलेल्या चहासारखं.
तापमान तेहतीस.
ऊन पाण्यात आवाज जरा जोरात धावतो,
सेकंदाला दीड हजार मीटर,
आणि इथे त्याला मीटरभर खोलीसुद्धा नाही.
तळाला आपटतो, उसळून पृष्ठभागाला आपटतो,
पडद्यावर नुसता पिवळा गोंधळ.
म्हणून आम्ही त्याला आडवा सोडतो,
पोटावर पडून पलंगाखाली बॅटरी मारावी तसा.

डोंगा बकारामजी चाचेरेंचा.
दिवसाचे सातशे, रात्रीचे हजार,
विभागाच्या पावतीवर सही मात्र ‘मजूर’ म्हणून.

मासा ऐकू येत नाही,
हे प्रबंधात कुणी एवढ्या सरळ लिहीत नाही.
मांस म्हणजे जवळजवळ पाणीच; आवाज त्यातून निघून जातो.
परत फिरतो तो पोटातल्या पिशवीवरून,
बोटभर हवेवरून.
सात वर्षं झाली, मी हवा मोजते आहे
आणि तक्त्यात लिहिते: रोहू, शिंगूर, दाडक.

पडद्यावर दाट ठिपके उठले.
दोनशे चौदा, यंत्र म्हणालं.
मी लिहिणार, तेवढ्यात बकारामजी:
‘मासोया नोहेत त्या, मॅडम.
गाळ पादून राह्यला.’
आणि खरंच, जलपर्णीच्या कडेला
बुडबुडे फुटत होते, एकेक करून, सावकाश.
गाळाच्या पोटातही हवा असते.
यंत्राला हवेहवेतला फरक
अजून शिकवता आलेला नाही.

त्यांना तरी कसा कळतो?
डावा कान गेलेला, उजवा अर्धा.
त्यांनी वल्हं पाण्यात उभं धरलं, हलू दिलं नाही,
आणि वरचं टोक दातांत घेतलं.
डोळे मिटलेले. लाकडावर दातांची जुनी खाच,
त्याच्याखाली आणखी एक, लहान जबड्याची.
‘बाबाची,’ ते म्हणाले. ‘मी त्याच्याहून उंच झालो.’

मग बोलत गेले, लाकूड दातांतच ठेवून, बोबडे:
बोटरी, पंधरा-वीस, घाबरट.
थो एक मरळ, पिल्लांवर बसली, तिले नका उठवू.
तिलापिया, तिलापिया, सारा तिलापियाच.
आणि मग बराच वेळ काही नाही.
त्या काही-नाहीलाही त्यांच्याकडे नाव असावं,
पण ते त्यांनी सांगितलं नाही.

यंत्रापासून पहिल्या हातभर अंतरात
काहीच दिसत नाही. आंधळा पट्टा म्हणतात त्याला.
मी त्याच पट्ट्यात बसले होते,
मांडीवर लॅपटॉप, निळा उजेड, चेहऱ्याभोवती किडे.

‘घ्या बरं,’ म्हणत त्यांनी वल्हं पुढे केलं.
ओलं, शेवाळाचं, बिडीचं, दुसऱ्याच्या तोंडाचं लाकूड.
मी ओढणीनं पुसलं. ते हसले नाहीत.
चावलं.

आधी माझेच दात.
मग कानामागे रक्ताची घरघर.
मग दूर, खांबांवरून जाणारी शेवटची मेट्रो,
जमिनीतून, गाळातून, लाकडातून माझ्या हिरडीत.
आणि ती गेल्यावर
एक टक्.
पुन्हा, जरा डावीकडे, टक्.

काय होतं ते, मी विचारलं नाही.
वल्हं परत दिलं. त्यांनी नाला चुकवून डोंगा वळवला,
मरळ होती त्या बाजूला न जाता.

तक्त्यात दोनशे चौदा खोडलं.
शेरा या रकान्यात तीन शब्द मावतात.
‘मोजणारा: बकाराम चाचेरे’ लिहिलं,
आणि संख्येची जागा
सकाळपर्यंत मोकळी ठेवली.